हिरव्या वायरीचे दोन तुकडे

१

मिथुन पडला तेव्हा समोरच्या गणपतीचा एकच डोळा उघडला होता. दुसऱ्या डोळ्याची आखणी करायला उजेड कमी पडत होता, म्हणून ब्रश दातांत धरून त्याने हॅलोजनचा दिवा जवळ ओढायला हात घातला. लोखंडी स्टँडला त्याची बोटं चिकटली ती सुटेचनात. बाजूच्या पोराने ओरडत जाऊन मेन खाली पाडला, तेव्हा कुठे तो सुटला आणि ओल्या मूर्तींच्या दोन रांगांमध्ये आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मृणाली रोह्याहून पेणला माहेरी आली. एका कडेवर अडीच वर्षांची भूमिका, दुसऱ्या खांद्यावर पिशवी. भूमिकाच्या हातात पायाला बँडेज बांधलेली तिची बाहुली. ती सोडून ही मुलगी कुठे जायला तयार नसे. वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, मूर्तींच्या कारखान्याच्या दारात चपलांचा ढीग होता, पण आत आवाज नव्हता. गणपतीला जेमतेम बारा-पंधरा दिवस राहिलेले आणि कारखाना गप्प, हे मृणालीने जन्मात पाहिलं नव्हतं.

आत स्टुलावर एक जाडसर गृहस्थ उभे होते. दरवाजावरचा वायरिंगचा बोर्ड उघडून टॉर्च मारून बघत होते.

"हे विद्युत निरीक्षक. हैबतराव शिर्के साहेब," तिचा भाऊ प्रविण हळूच म्हणाला. त्याचा चेहरा रात्रभर जागल्यासारखा ओढलेला. प्रविण परवानाधारक वायरमन. या बोर्डाचं काम त्याचं, तपासणीच्या कागदावर सही त्याचीच.

"इकडे या," साहेबांनी त्याला बोलावलं. "हे काय आहे?"

मृणालीनेही मान उंचावून पाहिलं. करंट जरा कुठे गळला की खट्कन लाईट घालवणारा जो स्विच असतो, आप्पा त्याला नुसतं 'खटका' म्हणत, त्या खटक्यातून वायरी उपसून काढलेल्या होत्या. मधल्या अंतरात हिरव्या वायरीचे दोन तुकडे घालून येणारी आणि जाणारी वायर परस्पर जोडली होती. सांध्यांवर पांढरी पट्टी गुंडाळलेली.

"खटका नुसता शोभेला," साहेब म्हणाले. "आणि हे तुकडे कुठले, ते बघा." त्यांनी हॅलोजनचा प्लग उघडून दाखवला. तिसऱ्या पिनेला वायरच नव्हती. "दिव्याची अर्थिंगची वायर कापून इथे लावली. म्हणजे दिव्यात ओल शिरून स्टँडमध्ये करंट उतरला, तर त्याला जमिनीत जायला वाट नाही आणि तो पकडायला खटका नाही. उरला कोण? हात लावणारा."

आप्पा मागून म्हणाले, "साहेब, घर माझं. मीटर माझ्या नावावर. घरात मालकानं एवढंतेवढं करायचं नाय?"

"करा ना. बल्ब बदला, पंखा बदला, फ्यूज, बटण, होतं तसंच दुसरं बसवा. कोणी विचारणार नाही. पण नवी वायर ओढायची, जुनी फिरवायची, एखादी वस्तू मधून काढून टाकायची, त्याला परवानावाला माणूस लागतो. मग घर कोणाचंही असो." साहेब स्टुलावरून उतरले. "घर तुमचं आहे. मिथुन दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा आहे."



"हे तुम्ही केलंत?" साहेबांनी प्रविणला विचारलं.

"नाही."

"मग कोणी केलं?"

 प्रविणची नजर क्षणभर जिकडे गेली, ती मृणालीने टिपली. ती आप्पांकडे गेली होती.

२

घर वर, कारखाना खाली, आणि दोन्हीला मिळून तो एकच खटका. तो दरवाजावर इतक्या उंच बसवायला लावला तो मृणालीनेच. भूमिका रांगायला लागली तेव्हा प्रविणच्या मागे लागून तिने बोर्ड वर चढवला होता. मुलीचा हात पोचू नये म्हणून!  भूमिका या कारखान्यात मूर्तींमधून पळत असते. तो स्टँड तिच्याच उंचीचा होता.

आप्पा वर खिडकीत बसले होते.

"आप्पा, खरं सांगा. तुम्ही हात लावला होता?"

"ह्यो हात?" त्यांनी उजवा हात उचलला. खांद्याशी येऊन तो थांबला, पुढे जाईना. "ह्या हातानं मुकुटाला रंग पोचत नाय, म्हणून तर मोठ्या मूर्तींची आखणी मिथुनकडं गेली. स्टुलावर चढून नाचू काय मी?"

"मग कोणाकडून करून घेतलंत?"

"पोलिसात भरती झालीस काय गो?"

"दादाचा परवाना जाणार आहे, आप्पा. नुसता परवाना नाही, केस होईल."

आप्पांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर ताडपत्रीवर पाऊस वाजत होता. "मी प्रविणला रोज सांगायचो, काढून टाक तो खटका. मूर्ती ओल्या, हवा ओली, हॅलोजन लावले की खट्, लाईट गेली. पुन्हा लाव, पुन्हा खट्. मूर्ती वाळायच्या कशा? पेणात सगळे कारखानदार ह्याच्याच नावानं ओरडतात. तो रोज नाय म्हणायचा. 'आप्पा, लाईट जाते म्हंजे खटका त्याचं काम करतोय.' आणि मग राखीनंतर..."

"राखीनंतर काय?"

"गेलीच नाय लाईट. एकदापण नाय." त्यांचा आवाज उतरला. "मला वाटलं, पोरानं ऐकलं शेवटी."

मृणाली जिना उतरली ती पायऱ्या न बघताच. राखीला ती इथेच होती. सगळेच इथे होते. खाली कोपऱ्यात प्रविणची कामाची पिशवी पडली होती. इकडेतिकडे बघून तिने ती उघडली. पक्कड, टेस्टर, काळ्या टेपची रिळं. आणि तळाशी हिरव्या वायरीचं वेटोळं, एक टोक नुकतंच कापलेलं.

मागून आवाज आला, "काय शोधतेस, मृणाली?"

प्रविण दारात उभा होता.

"तुझ्यावर विश्वास ठेवायला काहीतरी," ती म्हणाली.

तो कडवट हसला. "सापडलं?"

"हिरवी वायर सापडली."

"वायरमनच्या पिशवीत हिरवी वायर नाही तर काय चिवडा सापडेल?" एवढं बोलून त्याने पिशवी उचलली आणि निघून गेला. 

३

शेजारी मुकादमांचं घर. फैजल मुकादम कुवेतला वायरिंगची कामं करून परत आलेला. इथला परवाना नव्हता, तरी तो बिनदिक्कत कामं घेतो, म्हणून प्रविणशी त्याची दोन वेळा भर रस्त्यात बाचाबाची झालेली. गावात कालपासून त्याचंच नाव पुटपुटत होते लोक. मृणाली भूमिकाला घेऊन आत शिरली तसा तो म्हणाला, "ये, बस. आणि बोल सरळ. माझ्यावर संशय आहे ना?"

"सगळ्यांवर आहे, फैजलभाई."

"हे बरं. नुसत्या आमच्यावर असता तर चहा नसता दिला." त्याने आत हाक मारली, "खुशनुमा, दोन चहा! आणि बच्चीला बिस्किट." मग तो पुढे झुकला. "फोटो बघितला मी बोर्डाचा. अख्ख्या आळीने बघितला. तू हिरवी वायर बघितलीस ना? हिरवी म्हणजे अर्थिंग. तिच्यातून करंट सोडायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. कुवेतला मी असं केलं असतं तर फोरमनने संध्याकाळच्या विमानात बसवलं असतं. आणि प्रविण? भांडकुदळ आहे तुझा भाऊ, पण त्याचा बोर्ड उघडला तर देव्हारा उघडल्यासारखा वाटतो. त्याचा हात हिरव्याला तिथे जाणारच नाही."

"मुद्दाम केलं असेल. कोणाला कळू नये म्हणून."

"मग स्वतःच्या पिशवीत वायर असताना दिव्याची कापायला कशाला जाईल?" फैजल म्हणाला. "ज्याच्याकडे वायर नाही तोच दुसऱ्याची कापतो. आणि ती पट्टी बघितलीस? आमची टेप चिकट असते. शिर्के साहेब म्हणाले, ही चिकटच नव्हती. नुसती ताणून गुंडाळलेली. आयुष्यात मी सांध्यावर असली पट्टी बघितली नाही."

मृणालीच्या हातातला चहा निवत चालला होता.

"आणि माझंच विचारशील तर," फैजल म्हणाला, "परवान्याच्या परीक्षेला बसलोय यंदा. तुझ्या भावानेच टोमणे मारून मारून बसवलं. निकाल यायचाय. अशा वेळी मी तुमच्या बोर्डात बोट घालीन?"

ती उठली. फैजल दारापर्यंत आला. "राखीच्या दिवशीच झालं असणार ते. तुझी पोर दुपारी किती रडत होती, भिंतीतून ऐकू येत होतं. लाईट नाही, पंखा नाही. मग एकदम पंखा फिरला आणि गप्प झाली बिचारी. आम्ही म्हटलं, प्रविण आला वाटतं."

"दादा नव्हता तेव्हा," मृणाली नकळत बोलून गेली. "राखी बांधून झाली आणि तो जिते गावाला गेला होता. कोणाच्यातरी पंपासाठी."

बोलली मात्र, आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. मग बोर्डाशी कोण होतं?

४

दवाखान्यात मिथुनची आई ठमाबाई बाकावर पाय वर घेऊन बसली होती. मृणालीला बघून तिने पदर डोळ्याला लावला.

"डोळं उघाडलं त्यानं. बोलला. पन हात गुंडाळून ठेवलाय. उजवा हाय गो. डॉक्टर सांगत नाय काय."

"मावशी, मिथुनने कधी त्या बोर्डाला हात लावला होता का?"

"त्यो?" रडता रडता ठमाबाईला हसू फुटलं. "घरात बटन दाबतो त्ये पन लाकडाच्या पट्टीनं. ल्हानपनी झटका बसलेला. आप्पांचा दिवा तेवढा धरायचा, कारन प्रविननं सांगितलेलं, खटका हाय, घाबरू नको, तुला काय व्हनार नाय." ती थांबली. "त्याच्या शब्दावर धरला."

मृणालीने मान खाली घातली. आप्पा नाहीत, फैजल नाही, मिथुन नाही. प्रविण दुपारी घरात नव्हता. राखीच्या दिवशी कारखाना बंद, मूर्ती वाळवायचे दिवे तेवढे चालू, बाहेरचं कोणी आलं नाही. वर जेवणं झाली होती. ती स्वतः भूमिकाला मांडीवर घेऊन पेपरने वारा घालत होती. घामोळ्याने पोरीची पाठ लाल झाली होती. आणि...

फोन वाजला. प्रविण होता.

"मृणाली, तू आता रोह्याला जा. शोधाशोध पुरे झाली. मी साहेबांना फोन करून सांगितलं. उद्या सकाळी येतायत ते. जबाब लिहून देतो, सही करतो."

"कसला जबाब?"

"मीच वायरी जोडल्या म्हणून."

"खोटं! तू हिरवी वायर लावशील?"

"आप्पांचं वय बघ. या वयात त्यांना पोलिस स्टेशनच्या पायऱ्या चढायला लावू?"

"अरे, पण आप्पांनी नाही केलं! त्यांचा हात वर जात नाही."

 "मग कोणी केलं?" प्रविणने विचारलं. "तू तरी सांग."

५

संध्याकाळी रोह्याच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. भूमिका ओट्याखाली बसून बाहुलीशी बोलत होती. "दुकतं? थांब हं, पट्टी काडते." तिने बाहुलीच्या पायाची पट्टी ओढायला सुरुवात केली. पट्टी सुटत गेली, सुटत गेली. पांढरी, पातळ, रेशमासारखी.

मृणालीने गॅस बंद केला. खाली बसून ती पट्टी बोटांत धरली. बोटाला चिकटली नाही. ताणली तर लांबली.

तिने वर बघितलं. ओट्यावरच्या नळाच्या आट्यांमधून तसलीच पट्टी डोकावत होती. बाथरूमच्या शॉवरला होती. गॅलरीतल्या पाइपला होती. रितेश, तिचा नवरा, धाटावला एका केमिकल कंपनीत पाइपलाइनच्या मेंटेनन्सला होता. नळ गळू नये म्हणून पाइपवाले जी टेप गुंडाळतात, तिची रिळं त्याच्या खिशात, बाइकच्या डिकीत, घरातल्या प्रत्येक खणात असत. घरातलं काहीही मोडो, रितेशच्या हातात पहिली तीच येई.

तो शिफ्टवरून आला, बूट काढायला वाकला आणि तिच्या हातातली पट्टी बघून तसाच वाकलेला राहिला.

"राखीच्या दिवशी," ती म्हणाली, "पंखा कसा सुरू झाला रे?"

"लाईट आली."

"लाईट आली नव्हती. तू आणलीस."

तो बुटाची नाडी सोडवत बसला, आधीच सुटलेली. "दर पाच मिनिटाला जात होती. पोरगी रडून रडून काळीनिळी झालेली. तूच म्हणालीस ना, काहीतरी कर. प्रविणचा फोन लागेना. मेन पाडला, खटका बाजूला काढला, वायरी जोडल्या. लांबीला पुरेनात, म्हणून दिव्याची तिसरी वायर घेतली. दिवा काय, दोनच वायरींवर पेटतो."

"तू वायरमन आहेस?"

"अख्ख्या प्लांटची पाइपलाइन सांभाळतो मी. घरचं एवढंसं काम. सासर म्हणजे घरच ना? पंखा फिरला तेव्हा तू किती हसलीस, आठवतंय?"

आठवत होतं. ते हसू आता तिला गिळवत नव्हतं.

"कालपासून तुला माहीत होतं, रितेश. आणि तिकडे दादा उद्या सही करतोय, मीच केलं म्हणून."

"मी आप्पांना सांगणारच होतो की प्रविणला बघायला सांगा. राहून गेलं. आणि आता प्रविण म्हणतोय ना, मी केलं? त्याला या खात्यातलं समजतं, तो निभावून नेईल. माझी कंपनी मला ठेवेल का? भूमिकाचा विचार कर जरा."

"तिचाच करतेय," मृणाली म्हणाली. "त्या कारखान्यात तीही पळत होती. हा आठवडाभर ती तिथे नव्हती, म्हणून तिच्या जागी मिथुन दवाखान्यात आहे. उद्या पहिल्या गाडीने मी पेणला जाणार. तू ये नाहीतर नको येऊ."

६

तो आला. पण गाडीत नागोठणं गेलं, पेण आलं, तो खिडकीबाहेरच बघत होता. तो स्वतः बोलणार की तिला बोलायला लावणार, हे तिला कळेना. कारखान्याशी आल्यावर तो बाहेरच पागोळ्यांखाली उभा राहिला.

आत ताडपत्र्या ओढलेल्या, दिवसाही अंधार. शिर्के साहेबांसमोर कागद, प्रविणच्या हातात पेन. आप्पा भिंतीला टेकून बसलेले, फैजल दारात.

"दादा, सही करू नको," मृणाली म्हणाली. "साहेब, सांध्यावर काळी चिकट टेप असती तर दादा असता. ती काढलेली पट्टी तुमच्याकडे आहे ना? तिच्याशेजारी ही ठेवा."

तिने टेबलावर बाहुली ठेवली. पायाला पट्टी पुन्हा गुंडाळलेली होती. साहेबांनी पाकिटातली पट्टी काढली, दोन्ही ताणून पाहिल्या, एकमेकींवर धरल्या.

"ही नळाला लावतात ती," ते म्हणाले. "ही बाहुली कोणाची?"

मृणालीने तोंड उघडलं. रात्रभर घोकलेलं नाव जिभेवर होतं. ते एकदा बाहेर पडलं की परत घेता येणार नव्हतं.

"माजी!" भूमिका टाचा उंचावून टेबलाला लोंबकळली. "तिचा पाय मोडला. पप्पानी बरा केला. माजे पप्पा सगळं बरं करतात." आणि तिने मोठ्या दिमाखात दाराकडे बोट केलं.

सगळ्या माना तिकडे वळल्या. फैजल बाजूला सरकला. त्याच्यामागे रितेश उभा होता, डोक्यावरून पाणी निथळतंय.

"मी जोडल्या, साहेब," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की पुन्हा म्हणावं लागलं. "वायरी मी जोडल्या. प्रविणदादा घरात नव्हता. आप्पांना माहीत नव्हतं."

"आणि काहीतरी कर, असं मी म्हणाले होते," मृणाली म्हणाली. "तेही लिहा."

आप्पांनी डोळे मिटून घेतले. प्रविणने पेन खाली ठेवलं. तो रितेशवर धावून जाईल असं तिला वाटलं, पण तो नुसता बघत राहिला, ओळखीचा माणूस पहिल्यांदाच दिसल्यासारखा.

साहेबांनी नवा कागद घेतला. रितेशचा जबाब सावकाश लिहून झाला. पुढे पोलिस येतील, केस होईल, मिथुनच्या उपचाराचं काय तेही बघावं लागेल, असं त्यांनी त्याला समोर बसवून सांगितलं. रितेशने प्रत्येक वाक्याला मान हलवली. मग ते प्रविणकडे वळले.

"तुमचं काम बरोबर होतं की नाही, ते अजून ठरायचंय. दिव्याची अर्थिंग जोडा. खटका होता तसा बसवा. माझ्यासमोर."

प्रविण स्टुलावर चढला. फैजलने न सांगता खालून टॉर्च धरला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण पक्कड मागायच्या आत पक्कड हातात जात होती. लाल लालला, काळी काळीला, हिरवी तिच्या जागी.

"लावा," साहेब म्हणाले.

मेन वर झाला. ट्यूब लागली, वरच्या मजल्यावर पंख्याची घरघर ऐकू आली. रांगेतल्या एका डोळ्याच्या गणपतीवर उजेड पडला. स्टँडपासून सगळ्यांना लांब उभं करून साहेबांनी हॅलोजनचं बटण दाबलं.

खट्!

ट्यूब गेली, पंखा गेला, सगळं गेलं. अंधारात पाऊस तेवढा वाजत राहिला.

"गेली," भूमिका रडवेल्या आवाजात म्हणाली आणि आईला बिलगली.

"जाऊ दे, बाळा," मृणाली तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "आज कोणी काही करायचं नाही."